माशाला ओमेगा-३ देतं कोण?

लखनऊ छावनीला लागून दिलकुशाचा परिसर आहे. नवाब सआदत अली खानाच्या काळातल्या कोठीचे अवशेष, आसपास लष्करी वस्ती, आणि जवळच दोन केंद्रीय संशोधन संस्था. एक भारतीय ऊस संशोधन संस्था, १९५२ पासूनची. दुसरी राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो. ती १९८३ मध्ये अलाहाबादला सुरू झाली आणि पुढे इथे आली. दोन्हींच्या पत्त्यात पोस्ट दिलकुशा, पिन २२६००२. शहरात पुढे सिकंदरबागेजवळ राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे, तिथे शैवालांचा अभ्यास चालतो. ऊस, मासे आणि शेवाळ. औषधाच्या दुकानात हल्ली दिसणाऱ्या ‘शाकाहारी ओमेगा-३’च्या गोळीत हे तिन्ही विषय एकत्र येतात. कसे, ते पाहू.

मासा फक्त मधला दलाल

ओमेगा-३ म्हटलं की मासा आठवतो. पण समुद्रातला मासा डीएचए आणि ईपीए ही दोन मौल्यवान मेदाम्लं स्वतः जवळजवळ बनवतच नाही. ती बनवतात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शैवालं. त्यांना खातात पाण्यातले बारीक जीव, त्या जिवांना लहान मासे, लहान माशांना मोठे. आपल्या कोकण किनाऱ्यावरची तारली तर शैवालावर थेट ताव मारते. फ्रॅजिलेरिया ओशनिका नावाचं एक डायाटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, पाण्यात भरपूर झालं की तारलीचा हंगाम चांगला जातो, हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मत्स्य अभ्यासकांनी फार पूर्वी टिपून ठेवलं आहे. तारलीच्या अंगातलं तेल हे मुळात त्या शैवालाचं देणं.

शेपटीला सुटले खवले

मेदाम्लांची गरज कळली ती अशी. १९२९ साल, अमेरिकेतलं मिनेसोटा विद्यापीठ. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना असा आहार दिला, ज्यात सगळं होतं, फक्त स्निग्ध पदार्थ नव्हते. उंदरांची वाढ खुंटली, कातडी सुकली, शेपटीला खवले सुटले. आहारात लिनोलिक आम्ल घातल्यावर उंदीर सुधारले. चरबी म्हणजे नुसतं इंधन, ही तोवरची समजूत मोडली. काही मेदाम्लं शरीराला तयारच करता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्लं म्हणतात. मूळची आवश्यक दोनच: ओमेगा-६ गटातलं लिनोलिक आम्ल आणि ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात एएलए. एकेकाळी त्यांना ‘व्हिटॅमिन एफ’ असंही नाव मिळालं होतं.

करडईच्या तेलाने शिकवलेला धडा

मला या विषयातली सर्वांत चटका लावणारी हकीकत ही वाटते, आणि महाराष्ट्राने ती मुद्दाम वाचावी, कारण तीत करडई आहे.

अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीला पोटात गोळी लागली. आतड्याचा मोठा भाग काढावा लागला. तिचं सगळं पोषण शिरेतून सुरू झालं, आणि त्यातलं तेल होतं करडईचं. करडईत ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ जवळपास नाहीच. काही महिन्यांनी तिच्या हातापायांना बधिरपणा आला, अशक्तपणा वाढला, चालणं अवघड झालं, दिसणं धूसर झालं. मग तेल बदलून सोयाबीनचं दिलं, ज्यात एएलए असतं, आणि ही लक्षणं गेली. राल्फ होल्मन या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९८२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. होल्मन हे जॉर्ज बर यांचेच विद्यार्थी. ओमेगा-३, ओमेगा-६ ही नावं रूढ केली तीही त्यांनीच. माणसाला ओमेगा-३ खरोखर लागतं का, या प्रश्नावर त्या लहान मुलीने मोठा पुरावा दिला.

याचा अर्थ करडई वाईट असा नाही. लिनोलिक आम्लही आवश्यकच आहे. पण घरात वर्षानुवर्षं एकच तेल, तेही करडई किंवा सूर्यफूल, आणि जोडीला जवस नाही, मासे नाहीत, तर ओमेगा-३च्या बाजूने ताट रिकामं राहतं.

छावनीतल्या बदलीचा एक फायदा

पुण्याहून किंवा देवळालीहून बदली होऊन लखनऊ छावनीत आलेल्या मराठी घराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट जाणवते: सदर बाजारातला मोहरीच्या तेलाचा वास. इथे त्याला कडवं तेल म्हणतात. शेंगदाणा तेलावर वाढलेल्या नाकाला तो सुरुवातीला झोंबतो. पण हिशोब असा आहे. शेंगदाणा तेलात एएलए नगण्य. मोहरीच्या तेलात सुमारे दहावा हिस्सा एएलए. म्हणजे दिवसाला दोन चहाचे चमचे मोहरीचं तेल पोटात गेलं तर जवळपास एक ग्रॅम एएलए मिळतं. अमेरिकेतल्या आहारमानांनुसार स्त्रीला दिवसाला १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम पुरेसं धरतात. बदलीच्या ऑर्डरवर हा फायदा कुणी लिहून देत नाही, पण तो आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पारंपरिक मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल बरंच असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने हृदयाच्या स्नायूत चरबी साठलेली दिसली, म्हणून अमेरिकेत हे तेल स्वयंपाकासाठी विकू देत नाहीत. आपल्याकडे पुसा मस्टर्ड ३० सारखी कमी इरुसिक आम्लाची वाणं तयार झाली आहेत. शिवाय तेल धूर निघेपर्यंत तापवलं की नाजूक ओमेगा-३चा काही भाग जातो. म्हणून एकाच तेलाची भक्ती नको. शेंगदाणा, मोहरी, तीळ, अधूनमधून सोयाबीन असं आलटून पालटून वापरा.

जवस: विदर्भाची श्रीमंती

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक एएलए असतं. रोजच्या आहारातल्या फार थोड्या पदार्थांना हे जमतं. दळलेलं जवस एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, घेतलं की दीड ग्रॅमहून जास्त एएलए मिळतं, पुरुषाची दिवसभराची गरज जवळपास भागते. विदर्भातली आणि सोलापूरकडची जवसाची चटणी, अवधातले थंडीतले अळशीचे लाडू, हे दोन्ही मला कुठल्याही डबाबंद गोळीइतकेच मोलाचे वाटतात. एक अट मात्र आहे. अख्खं जवस चावलं गेलं नाही तर तसंच बाहेर पडतं. हलकं भाजा, कुटा, आणि थोडं थोडं करूनच ठेवा, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं.

घोळीची भाजी आठवते? लखनऊच्या भाजीबाजारात तिला कुल्फा म्हणतात. पालेभाज्यांत एएलएच्या बाबतीत घोळीचा नंबर फार वरचा. शेतात तण म्हणून उपटून टाकतात, हे पाहून वाईट वाटतं.

मग शैवाल कशाला?

कारण एएलए हा कच्चा माल आहे. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला हवं असतं डीएचए. मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग मेदाचा असतो, आणि त्यातल्या ओमेगा-३मध्ये डीएचएचाच वाटा सर्वांत मोठा. शरीर एएलएपासून ईपीए आणि मग डीएचए बनवतं खरं, पण फार थोडं. डीएचएपर्यंत पोहोचतो तो अगदी लहानसा अंश. तरुण स्त्रियांच्या शरीरात हे रूपांतर पुरुषांपेक्षा चांगलं होतं, आणि त्यात इस्ट्रोजेनचा हात असावा असं संशोधक मानतात. बाळाचा मेंदू पोटात घडत असताना आईला हा जास्तीचा हात मिळतो, ही निसर्गाची व्यवस्था मला विलक्षण वाटते.

डीएचएचा रेणू २२ कार्बनांचा, त्यात सहा दुहेरी बंध. म्हणून तो इतका लवचीक की उणे ४४ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत गोठत नाही. थंड समुद्रातल्या जिवांच्या पेशी अशा मेदाम्लांमुळे ताठत नाहीत.

अंधारात वाढणारं शेवाळ

शेवाळ म्हटलं की हिरवं तळं आणि ऊन डोळ्यांसमोर येतं. गोळीतलं तेल मात्र बहुतेक वेळा स्टीलच्या बंद टाकीत, अंधारात तयार होतं. क्रिप्थेकोडिनियम कोह्नी आणि शायझोकायट्रियम ही त्यातली दोन मोठी नावं. त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही, लागते साखर. साखर खाऊन ते तेल साठवतात. म्हणूनच सुरुवातीला उसाचं नाव घेतलं: उसाच्या देशात शैवाल तेलाचा खुराक कमी पडायचं कारण नाही. शायझोकायट्रियम हे काटेकोर अर्थाने शैवालही नाही, शैवालाचा दूरचा भाऊबंद आहे. पण बाजारात तो शैवाल म्हणूनच ओळखला जातो.

या तेलाची जन्मकथा अंतराळाशी जोडलेली आहे. लांबच्या अंतराळप्रवासात शैवालापासून अन्न आणि प्राणवायू मिळवता येईल का, यावर नासासाठी काम करणाऱ्या संशोधकांतून १९८५ मध्ये अमेरिकेत मार्टेक ही कंपनी उभी राहिली. अंतराळात शेवाळ खायची वेळ आली नाही, पण त्यांनी शैवालापासून काढलेलं डीएचए २००२ पासून अमेरिकेत बाळांच्या डब्याच्या दुधात मिळू लागलं.

बेळगावच्या ९५७ जणी

या सगळ्यात आपल्या भागातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा बेळगावचा आहे. तिथल्या केएलई संस्थेच्या रुग्णालयात ९५७ गर्भवतींवर एक मोठी चाचणी झाली, तिचं नाव धनी. निम्म्या जणींना शैवालापासून काढलेलं डीएचए रोज ४०० मिलिग्रॅम, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या पण डीएचए नसलेल्या गोळ्या. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्याआधी सुरुवात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचा विकास मोजला. दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

हा निकाल मला निराशाजनक वाटत नाही. ९५७ आयांनी महिनोन्महिने गोळ्या घेऊन विज्ञानाला एक स्वच्छ उत्तर दिलं: ‘ही गोळी घ्या, बाळ हुशार होईल’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसरीकडे २०१८ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ७० चाचण्या आणि जवळपास २०,००० गर्भवतींची माहिती एकत्र तपासली. ओमेगा-३ घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांआधीची प्रसूती १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आली, आणि ३४ आठवड्यांआधीची ४.६ वरून २.७ टक्क्यांवर. अपुऱ्या दिवसांचं बाळ ज्या घराने काचेच्या पेटीत पाहिलं आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

लोणारचं हिरवं पाणी आणि एक गैरसमज

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात शैवाल म्हणून ओळखली जाणारी स्पिरुलिना नैसर्गिकरीत्या वाढते. पाण्याचा नेहमीचा हिरवा रंग बराचसा तिचाच. (जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, ते मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.) मेक्सिकोतले अझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातून ती काढून वड्या करून खात.

पण स्पिरुलिनाची पूड म्हणजे शैवाल तेल नव्हे. ती खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूंच्या कुळातली. तिच्यात प्रथिनं चांगली, ओमेगा-६ गटातलं जीएलए आहे, डीएचए मात्र जवळजवळ नाही. आणि तिच्यातलं बी१२ बहुतांशी अशा रूपात असतं जे माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी मंडळींनी बी१२साठी तिच्या भरवशावर राहू नये. हे मी कळकळीने सांगते, कारण बी१२च्या कमतरतेने नसांचं नुकसान होतं.



  

हृदय आणि गोळी

हृदयासाठी सरसकट गोळी घ्यावी का? २५,८७१ लोकांवरच्या व्हायटल चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ने मोठ्या हृदयविकारांचं एकूण प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या आणि जास्त धोक्याच्या रुग्णांत चार ग्रॅम शुद्ध ईपीएने फायदा दिसला, पण ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हेही आढळलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जवस, मोहरी, अक्रोड आणि घोळ सगळ्यांसाठी. मासे खाणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली पुरेशी. शैवाल तेलाची गोळी खरी कामाची आहे ती मासे न खाणाऱ्या गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला. तिच्यासाठी दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए धरतात, इतर मोठ्या माणसांसाठी डीएचए आणि ईपीए मिळून २५० मिलिग्रॅम.

बाटली विकत घेताना पुढच्या ‘१,००० मिलिग्रॅम शैवाल तेल’ या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. मागे डीएचए किती आणि ईपीए किती ते वाचा. तेल शैवालाचं असलं तरी कॅप्सूलचं कवच जनावराच्या जिलेटिनचं असू शकतं, म्हणून हिरवा ठिपका तपासा. आणि गर्भारपण असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.