शिखराआधीचा मुक्काम

सोलापूरचे आनंद बनसोडे २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. त्या माथ्यावर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. १९८० साली राइनहोल्ड मेसनर तेथे नळकांड्याविना, एकटेच चढले. त्याआधी पावसाळ्यात उघडीप मिळावी म्हणून ते कित्येक आठवडे थांबले होते.

अशा थांबण्याने शरीर उंचीला सरावते. श्वास वाढतो, रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. मात्र साडेपाच हजार मीटरच्या वर फार दिवस राहिल्यास भूक मरते, वजन घटते.

केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. आपले सोलापूर पाचशेच्याही खाली! म्हणून यात्रेकरूंनी वाटेत एक मुक्काम जादा करावा. डोके दुखून मळमळत असेल तर पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे. दर्शन पुढच्या वर्षीही घडेल.