पाण्याची निळी रेघ

20 एप्रिल 2004. सिंगापूरच्या निकोल हायवेलगत भुयारी रेल्वेसाठी सुमारे 30 मीटर खोल खड्डा खणून झाला होता. दोन्ही बाजूंच्या भिंतींमागे मऊ सागरी चिकणमाती, आणि भिंतींना धरून ठेवायला लोखंडी आडवे टेके. दुपारी साडेतीनच्या सुमारास टेके निसटले, भिंती आत आल्या, रस्ता खचला. चार माणसं गेली. त्यांतला एक फोरमन मजुरांना बाहेर काढता काढता मागे राहिला. त्याचा देह सापडलाच नाही.

चौकशीत टेक्यांच्या कच्च्या जोडांबरोबर आणखी एक गोष्ट पुढं आली. हिशेबाला प्लॅक्सिस हे नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं, आणि त्याचं गणित चोख होतं. पण चिकणमातीतून पाणी लवकर निघत नाही, आणि इथं निचरा झालेल्या मातीचे आकडे देऊन तिची ताकद काढली गेली. कागदावर माती होती त्याहून दणकट ठरली, आणि भिंत वाकणार होती त्याच्या जेमतेम निम्मी वाकताना दिसली. भू-तंत्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण पहिल्याच वर्षी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माती घसरेल की टिकेल, हे गणित संगणकाहून जुनं आहे. 1916 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्ग बंदराचा धक्का ढासळला, तेव्हा माती कमानीसारख्या वळणावर घसरते हे तिथल्या अभियंत्यांनी हेरलं. घसरणाऱ्या भागाचे उभे काप करायचे, प्रत्येक कापाचं वजन आणि तळाचं घर्षण मांडायचं, ही रीत तिथली. फेलेनियसनं ती रुळवली, 1955 मध्ये बिशपनं सुधारली. बिशपच्या सूत्रात उत्तर दोन्ही बाजूंना येतं, म्हणून अंदाज धरून पुन्हा पुन्हा सोडवायचं. एका कमानीला कागदावर तासन् तास. 1958 मध्ये लिटल आणि प्राइस यांनी ते इलेक्ट्रॉनिक यंत्रावर चढवलं.

आज स्लोप/डब्ल्यू, स्लाइड किंवा जिओ5 उघडलं की उताराच्या चित्रावर बघता बघता हजारो कमानी उमटतात आणि सर्वांत धोक्याची वेगळ्या रंगात उठून दिसते. शेजारी एक आकडा: सुरक्षा गुणांक. 1 च्या खाली आला तर उतार टिकत नाही. कायमच्या उताराला साधारण 1.5 हवा.

हा आकडा किती नाजूक असतो ते बघा. 25 अंशांचा लांबलचक उतार, मातीचा घर्षणकोन 35 अंश, चिकटपणा शून्य. माती कोरडी असेल तर गुणांक 1.5. आता चित्रातली भूजलाची निळी रेघ माउसनं ओढून जमिनीपर्यंत आणा. पाणी उताराला समांतर पाझरतं असं धरलं तर तोच गुणांक 0.76 च्या आसपास येतो. मातीचं वजन तळाशी दाबतं म्हणून घर्षण मिळतं. पाण्याचा दाब त्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग उचलून धरतो.

सह्याद्रीत ही रेघ एका रात्रीत वर येते. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसांसह. मग 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही दरडी जुलैतल्या, मुसळधार पावसातल्या. बेसॉल्टच्या कातळावर मुरूम आणि माती, कोकणात जांभ्याखाली मऊ चिकणमाती. पन्नास पावलांवर थर बदलतो. अशा डोंगराचा अहवाल दोन-चार बोअरवर बेतला, तेही मे महिन्यात घेतलेल्या, तर निळी रेघ मे महिन्यातल्या पातळीलाच राहते. पैसे वाचवायचे तर सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर वाचवा. बोअर आणि भूजलाचा दाब मोजणारे पिझोमीटर यांत काटकसर नको.

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या सावकाश धावतात आणि गस्तीची माणसं कटिंगमधून चालत रूळ तपासतात. पहिल्या सरीनंतर कुठल्या खोबणीतून पाणी वाहू लागतं आणि ते गढूळ कधी होतं, हे त्यांना रोजच्या येण्याजाण्यानं कळतं. मॉडेल करणाऱ्यानं जुलैत एकदा तरी त्यांच्याबरोबर चालावं, आणि परत आल्यावर मगच ती रेघ ओढावी.