नोकरी सांभाळून भरतीचं ग्राउंड

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली की आपल्या वस्त्यांमधली पहाट बदलते. जनता वसाहतीतून तळजाईच्या टेकडीवर, दांडेकर पुलाकडून सणस मैदानाकडे मुलं-मुली धावायला निघतात. यातले बरेच जण आता नुसते कॉलेजात जाणारे नसतात. कोणी रात्री अकरापर्यंत मोटारसायकलवरून पार्सल पोचवतो, कोणी बारा तास सिक्युरिटीला उभा असतो, एखादी ताई ऑफिसात हाऊसकीपिंग करून लेकरू सांभाळते. मागासवर्गीय उमेदवारांना वयाची मर्यादा 33 वर्षे असल्याने तिशीतही कंत्राटी काम सोडून कायमच्या नोकरीची ही वाट उघडी राहते. एका वर्दीवर अख्खं घर सावरतं, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून धावू नका असं आम्ही कधीच सांगणार नाही. कसं धावता, त्याबद्दल मात्र बोलायला हवं.

अलीकडच्या भरतीत शिपाई पदासाठी मैदानी चाचणी 50 गुणांची होती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचा विचारच नाही. 1600 मीटरला पूर्ण 20 गुण हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण 77 सेकंदांत. मुलींना 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, म्हणजे एक फेरी 85 सेकंदांत.

हा हिशोब डोक्यात नसला की पोरगा पहिली फेरी 65 सेकंदांत मारतो आणि तिसरीत पाय शिशाचे होतात. म्हणून सरावात रोज जीव तोडून 1600 मीटर धावण्यात अर्थ नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस शेजारच्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने पाऊण तास धावा. एक दिवस 400 मीटरच्या पाच-सहा फेऱ्या ठरलेल्या वेळेत काढा, प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटं चाला. एक दिवस चढ किंवा पर्वतीच्या पायऱ्या. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती खरीच सुट्टी. डांबरी रस्त्यापेक्षा मातीवर धावा. नडगी दुखायला लागली तर बाम चोळून तसंच रेटू नका, चार दिवस थांबा. दुखणं एकाच जागी बोटाने दाखवता येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

दोन महिन्यांत चमत्कार करून देतो म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. अविनाश साबळे यांचं उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात, 5 महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात नोकरी केली. स्पर्धेसाठी धावणं सुरू केलं ते 2015 च्या सुमारास. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य मिळालं 2022 मध्ये. भरतीला सात वर्षं लागत नाहीत, पण सहा महिने तरी शरीराला द्यायला हवेत. जाहिरातीची वाट न पाहता सुरुवात करावी ती यासाठी.

काम करणाऱ्या मुलांची खरी अडचण मेहनतीची नसते, झोपेची असते. रात्री बाराला आडवं होऊन साडेचारला उठणारा मुलगा धावण्याने तगडा होत नाही, खंगत जातो. झिजलेलं शरीर भरून निघतं ते झोपेत. उशिरा सुटणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा, जमेल तर संध्याकाळी कामाआधी धावावं. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना झोप लागत नाही, एवढं घरच्यांनीही समजून घ्यायला हवं.

खाण्यासाठी महागड्या पावडरचे डबे लागत नाहीत. धावण्याआधी एक केळं, नंतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दोन उकडलेली अंडी. जेवणात भाकरी, मोडाची मटकी, डाळ. आपल्या घरातलं सुकट आणि बोंबील तर प्रथिनांनी भरलेलं अन्न आहे, ते कमीपणाचं समजू नका. मुलींनी रक्ताकडे विशेष लक्ष द्यावं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळतं. थोडं धावलं की धाप लागते, चक्कर येते, त्याला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. कलेजी, पालेभाज्या, गूळ खा, जेवणावर लिंबू पिळा आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

ग्राउंडच्या दिवशी ‘ताकदीचं’ इंजेक्शन किंवा गोळी घेण्याचा प्रकार कानावर येतो. त्यात काय भरलंय हे देणाराही सांगत नाही. पोट रिकामं, अंगात पाणी कमी आणि वर वेदनाशामक गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना कोसळलेल्या काही तरुणांचे जीव गेले. भर उन्हातली ती धाव होती. राज्य राखीव दलासाठी आजही 5 किलोमीटर धावावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा, सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवा. ताप असेल तर त्या दिवशी धावू नका. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, गुण गेले तरी चालतील. कोणी धावता धावता असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.