प्रेमाचा डाव, मनाचा ठाव

मुलीचे मन जिंकणे हा खेळ होऊ शकतो? जपानमध्ये १९९४ साली आलेल्या 'तोकिमेकी मेमोरियल' या व्हिडिओ गेमने तो करून दाखवला. योग्य दिवशी भेटा, योग्य उत्तर निवडा, की नायिका प्रसन्न! चुकलात तर डाव पुन्हा मांडा.

हे गणित प्रत्यक्षात चालेल का? तामिकी वाकाकी यांच्या 'द वर्ल्ड गॉड ओन्ली नोज' (२००८ ते २०१४) या चित्रकथेने हाच प्रश्न रंगवला. २०१० मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमे मालिकाही आली. अशा खेळांत अजिंक्य असलेला शाळकरी केइमा खऱ्या मुलींपासून चार हात दूरच राहतो. त्याच्यावर अचानक कामगिरी येते. नरकातून पळालेले आत्मे मुलींच्या मनातील पोकळीत लपले आहेत. प्रेमाने ती पोकळी भरली, तरच ते बाहेर पडणार!

खेळातले आडाखे इथे कामी येतात. धावपटू आयुमी पाय दुखावल्याचे सोंग करते. तिच्या निवडीवर वरच्या वर्गातील मुली चिडल्या आहेत, हे केइमा ओळखतो. बारकाईने पाहण्याची सवय त्याला खेळानेच लावलेली असते.

मात्र मोहीम फत्ते होताच मुलीच्या मनातून ते प्रेम पुसले जाते. आठवण उरते ती केइमाजवळ. मूळ चित्रकथेच्या शेवटी तो प्रेम व्यक्त करतो ते साध्यासुध्या चिहिरोजवळ, जिला त्याने स्वतःच दुखावलेले असते. इथे कोणतीही युक्ती हाताशी नसते.

दुसऱ्याकडे लक्ष देणे मुले खेळातूनही शिकतील. नकार पचवणे मात्र त्यांना घरातच शिकवावे लागेल.