तार कोठे तुटली?

दिवाळीत अंगणात किती पणत्या लागल्या याचा हिशेब घरोघर ठेवला जातो. परंतु कपाटावर धूळ खात बसलेल्या दोन लहानशा पेट्यांवरचे हिरवे दिवे कोण मोजतो? इंटरनेट सुरळीत चालू असेतो राउटर आणि स्विच यांची आठवण कोणालाही होत नाही. ते बंद पडले, की मात्र सारे घर त्यांच्याभोवती गोळा होते आणि ज्याच्या हाताला जी वायर लागेल ती तो उपटून पुन्हा खोचतो. रोगी एक आणि वैद्य दहा!

"वायफायच्या जमान्यात वायरी हव्यातच कशाला?" असे शहरातले वाचक विचारतील. त्यांनी परभणी जिल्ह्यातले पालम एकदा पाहावे. गोदाकाठच्या या मुलखात जुनी माळवदाची घरे अजून उभी आहेत. दगडमातीच्या ज्या रुंद भिंती वैशाखात गारवा देतात, त्याच वायफायच्या लहरी अडवून धरतात. मग पुढच्या खोलीतल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबल ओढायची आणि तेथे स्विच बसवायचा, हाच मार्ग उरतो. राउटर म्हणजे वेशीवरचा पाटील. बाहेरच्या जगाशी व्यवहार त्याच्या हातून होतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर तोच देतो. स्विच हा घरातला टपालवाला. ज्याचे पत्र त्याच्या दारी टाकणे एवढेच त्याचे काम.

अशाच एका घरातली गोष्ट. मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत मध्यरात्री संपणार होती आणि संध्याकाळी सातला इंटरनेट गेले. कागदपत्रे सारी संगणकात. मोबाईलची रेंज ओट्यावर गेले तरच. वडिलांनी राउटर दोनदा बंद करून चालू केला. काकांनी कंपनीच्या नावाने बोटे मोडली. मुलगी रडकुंडीला आली. पण मग डोळे पुसून तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने घर दोन भागांत वाटले!

स्विचकडे जाणारी केबल तिने राउटरमधून काढली आणि संगणक पुढच्या खोलीत आणून थेट राउटरला जोडला. इंटरनेट चालू! म्हणजे कंपनी निर्दोष, राउटरही निर्दोष. दुखणे मागच्या खोलीत. तेथे पाहते तो स्विचवरचे सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. आता तिने आजीला हळूच विचारले, "आजी, आज इथं काही आवरलंस का गं?"

"लोंबत होतं म्हणून खोसलं मी, बाई!" आजी म्हणाली.

भाऊ लॅपटॉप घेऊन वसतिगृहावर गेला होता. त्याच्या केबलचे एक टोक स्विचमध्ये होते, दुसरे मोकळे. दिवाळीच्या साफसफाईत आजीने ते मोकळे टोक त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात बसवले. झाले! सर्वांना उद्देशून निघालेला प्रत्येक संदेश एका दाराने बाहेर पडून दुसऱ्याने आत येऊ लागला आणि त्या गर्दीत खरे टपाल अडकले. या फेऱ्यावर रादिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने 1985 साली उपाय शोधला. पण घरगुती स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो. टोक उपसताच दिवे शांत झाले, आणि अर्ज वेळेत गेला.

प्रत्येक घरी आजीच सापडेल असे नाही; म्हणून आणखी काही खुणा ध्यानात असाव्यात. केबल लावूनही भोकाशेजारचा दिवा लागत नसेल, तर दुसरी चांगली केबल लावून पाहावी. दिवा लागतो, पण संगणकाचा नंबर 169.254 ने सुरू होतो, तर राउटरकडून त्याला नंबर मिळालेलाच नाही असे समजावे. वेग 1000 वरून नेमका 100 मेगाबिटवर आला, तर केबलमधल्या आठ तारांकडे संशयाने पाहावे. हजारासाठी चारही जोड्या लागतात, शंभराला दोनच पुरतात. एखादी तार उंदराने कुरतडली, तरी काम चालू राहते, फक्त मंदावते. या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, त्या एकमेकींचा आवाज मारण्यासाठी. ही युक्ती टेलिफोनच्या ग्रॅहम बेलची, 1881 सालची. केबलची एकूण लांबी 100 मीटरच्या आत ठेवावी आणि ती विजेच्या तारांना खेटून नेऊ नये. शेजारच्या घरापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून तर मुळीच ओढू नये. मराठवाड्यातला वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, आणि तांब्याच्या वाटेने त्या दोन्ही घरांतली यंत्रे जाळू शकतात. काचेच्या तंतूला ते भय नाही.

यंदा आवरायला घेण्यापूर्वी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी बांधा. आणि बिघाड झालाच, तर "आज काय बदललं?" हा प्रश्न आधी विचारा, मात्र त्या मुलीने विचारला तशा सुरात. दरडावून विचारले असते, तर आजी गप्प बसली असती, आणि मध्यरात्र उलटून गेली असती.