सनद कपाटात थांबते, कायदा थांबत नाही

परदेशात मुले वाढवून परतलेल्या वकील बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘सनद अजून चालते का?’ आणि ‘आता या वयात कशाला?’ पहिल्याचे उत्तर नियमांत आहे. दुसऱ्याचे मला धरमपुरीत मिळाले.

धरमपुरी हे धार जिल्ह्यातले नर्मदाकाठचे तालुक्याचे गाव, माझे माहेर. पवारांच्या राज्यापासून या भागात मराठी घरे आहेत. घरात मराठी, बाजारात निमाडी आणि कोर्टात हिंदी! 2002 साली मी सनद घेतली, चार वर्षे वकिली केली आणि 2006 साली लग्न होऊन अमेरिकेला गेले. इथली सनद तिथे चालत नाही. शिवाय एच-4 व्हिसावरच्या पत्नीला तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. ती मे 2015 पासून काहीजणींना मिळू लागली. तोवर माझी दोन्ही मुले शाळेत जाऊ लागली होती. 2021 साली आम्ही कायमचे परतलो.

आधी सनदेचे सांगते. काम थांबले म्हणून वकिलांच्या पटावरून नाव आपोआप निघत नाही. मात्र वकिली थांबवताना आणि पुन्हा सुरू करताना राज्याच्या बार कौन्सिलला लेखी कळवावे लागते. मध्य प्रदेशाची कौन्सिल जबलपूरला आहे. 2015 च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्रांची पडताळणीही करून घ्यावी लागते. 2009-10 पासून पुढे पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. माझी पदवी जुनी, म्हणून मी त्यातून सुटले.

खरी परीक्षा पुढेच होती. मी नसताना कायदा बराच पुढे गेला होता. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. मी जरा स्थिरावते तोच 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचे 420 कलम आता 318 मध्ये गेले. पण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनाच दंडविधान लागतो. म्हणजे दोन्ही पुस्तके टेबलावर हवीत.

बाबांचे स्नेही असलेले एक ज्येष्ठ वकील काका म्हणाले, ‘‘बाळ, सहा महिने नुसती माझ्या मागे बस. फायली वाच, उलटतपास ऐक.’’ माझ्या निम्म्या वयाच्या मुलांशेजारी मी बसले. ई-फायलिंग मला त्यांनीच शिकवले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनीही मुलांसाठी सुमारे पाच वर्षे वकिली बाजूला ठेवली होती. 1965 साली त्या कामावर परतल्या आणि 1981 साली त्या पदावर पोचल्या. माझी झेप तेवढी नाही. मला तालुक्याचे कोर्ट पुरते.

कारण इथले काम मोठे आहे. सरदार सरोवराच्या बुडीत यादीत मध्य प्रदेशातल्या खेड्यांबरोबर धरमपुरी हे शहरही होते. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरला; सज्ञान मुलीला ते स्थान दिले नाही. त्यामुळे विधवा, परित्यक्ता आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी अजून कागदांच्या पिशव्या घेऊन विचारतात, ‘‘ताई, यात आमचं काही आहे का?’’ प्रत्येकीला ‘हो’ म्हणता येत नाही. पण पिशवी उघडण्याआधी त्या घरचे सगळे सांगतात आणि मी ऐकते. त्या बोलण्यातच वारसांची नावे आणि मृत्यूची साले सापडतात. घाई केली तर ती हाती लागत नाहीत.

परतायचा विचार असेल तर तिकीट काढण्याआधी वर्षभर नवे कायदे वाचा, बार कौन्सिलला पत्र लिहा. नागरिकत्व बदलले असेल तर वेगळे नियम लागतात, तेही विचारून घ्या. पहिली दोन वर्षे मिळकत थोडी असेल, हे घरात आधीच बोला. आणि ‘या वयात कशाला’ असे कुणी म्हणाले, तर सांगा की गावात विचारणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, उत्तर देणाऱ्या वकील बाया अजून थोड्या.