नवे नाणे दाखविण्याची रीत

काही छंद एकट्याने करावयाचे असतात, तर काही चारजण जमल्यावाचून रंगत नाहीत. जुनी नाणी व पदके जमविण्याचा छंद वरवर पाहता पहिल्या प्रकारचा वाटतो. संग्राहक आपली पेटी उघडतो, एकेक नाणे भिंगाखाली धरतो आणि पुन्हा कुलूप लावतो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्यांनी या छंदात आयुष्य घालविले त्यांचा रिवाज निराळा आहे. नवे नाणे हाती आले की ते आपल्यासारख्याच हौशी मित्रांपुढे ठेवावे, त्यांनी ते निरखावे, दोन शब्द कौतुकाचे बोलावे, दोन शंका काढाव्या, आणि मग त्याची वहीत नोंद व्हावी, अशी ही रीत आहे. ही रीत का पडली, तीत कोणते नियम पाळावयाचे, आणि बुऱ्हाणपूरच्या परिसरात राहणाऱ्या आपणा सर्वांस तिचे महत्त्व विशेष का आहे, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कारण पाहू. आपल्या बुऱ्हाणपुरास मोगल काळात टांकसाळ होती. अकबर, जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांच्या नावांचे रुपये येथे पाडले गेले. असा एक रुपया वजनाने सुमारे साडेअकरा ग्रॅम भरतो आणि त्यावर फारसी लेख असतो. मात्र ज्या ठशाने हे नाणे पाडीत, तो ठसा पुष्कळदा चांदीच्या तुकड्यापेक्षा मोठा असे. हातोड्याचा घाव बसला की लेखाचा काही भाग चांदीवर उमटे व काही भाग बाहेरच राही. म्हणून एका नाण्यावर बादशहाचे नाव स्पष्ट असते पण गावाचे नाव निम्मेच दिसते. दुसऱ्यावर गाव दिसते, तर सन कापला गेलेला असतो. एकट्या माणसाजवळचे एकटे नाणे म्हणजे फाटलेल्या पत्राचा एक तुकडा होय. त्याच टांकसाळीची चार नाणी चौघांनी आणून शेजारी शेजारी मांडली, म्हणजे ते पत्र पुरे वाचता येते.

हीच गोष्ट शिवराईची. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चालू केली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पुढेही दीर्घकाळ त्याच नावाने शिवराया पाडल्या गेल्या. त्यामुळे अक्षरांची वळणे, ऱ्हस्वदीर्घ, ओळींची मांडणी व ठिपक्यांची वेलबुट्टी यांत शेकडो भेद आढळतात. ते भेद कोणा एकाच्या ध्यानात आले नाहीत. अनेक संग्राहकांनी आपापल्या शिवराया एकमेकांस दाखविल्या, ताडून पाहिल्या, तेव्हा कोठे त्यांची वर्गवारी होऊ लागली.

या रीतीने केवढे कार्य होऊ शकते याचे एक थोर उदाहरण आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) हा नाण्यांचा मोठा अभ्यासक होता. पंजाबात व अफगाणिस्तानात वावरणारे अनेकजण आपणांस सापडलेली नाणी, निदान त्यांची चित्रे, त्याजकडे पाठवीत, आणि तो ती एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून सर्वांपुढे ठेवी. त्यांतील पुष्कळ नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लिपीत व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत राजाचे नाव होते. ग्रीक वाचता येत होते; त्यावरून खरोष्ठी अक्षरे ओळखू येऊ लागली. १८३६ साली लासेन या पंडिताने अगाथोक्लीझ राजाच्या नाण्यावरील ग्रीक व ब्राह्मी नावे ताडून काही ब्राह्मी अक्षरे लावली, आणि १८३७ साली प्रिन्सेपने ती लिपी उलगडून दाखविली. सम्राट अशोकाचे शिलालेख पुन्हा वाचता येऊ लागले त्यात नाण्यांच्या या देवघेवीचा वाटा आहे. ती नाणी ज्याच्या त्याच्या पेटीत राहिली असती तर?

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नहपान या क्षत्रप राजाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जेत्याने जिंकलेल्या राजाचे नाणे न वितळविता त्यावरच आपली खूण उमटविली, हे पाहून सातवाहनांच्या विजयाचा भक्कम पुरावा मिळाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादेच असे नाणे सोनाराच्या दुकानी मिळाले असते, तर फार तर ते चमत्कारिक वाटले असते. साठा एकत्र पाहावयास मिळाला, मोजला गेला व त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणून त्याचा इतिहास झाला.

अशा देवघेवीस कायमचे ठिकाण असावे म्हणून संस्थाही निघाल्या. १९१० साली अलाहाबाद येथे काही नाणकप्रेमींनी मिळून भारतीय मुद्रा परिषदेची स्थापना केली. संस्थापकांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर मुंबईचे पारशी संग्राहक फ्रामजी थानावाला हेही होते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राचे संशोधन करणारी संस्था आहे. तिच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त या विख्यात अभ्यासकांचा मोठा हात होता. तेथील संग्रहालय नाशिक-त्र्यंबकच्या यात्रेस जाणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

आता दाखविण्याचे व पाहण्याचे नियम सांगू. नाणे नेहमी कडांना धरावे; बोटांचा घाम धातूवर डाग पाडतो. हात टेबलाच्या वर फार उंच नसावा, व खाली मऊ कापड पसरलेले असावे. दुसऱ्याचे नाणे मागितल्यावाचून उचलू नये, आणि पाहून झाल्यावर ज्याचे त्याच्याच हातात द्यावे. चिंच, राख किंवा पावडर लावून नाणे घासणे हा तर मोठा अपराध समजावा. देवघरातील तांब्या चिंचेने लखलखतो हे खरे, परंतु नाण्यावरील काळसर-हिरवा थर हा त्याच्या वयाचा दाखला असतो. तो गेला की बारीक अक्षरेही झिजतात.

पाहणाराचेही कर्तव्य आहे. नुसते ‘वा, छान!’ म्हणून नाणे परत करणे म्हणजे अर्धवट कौतुक होय. कौतुक करणाराने वजन विचारावे, लेख वाचावा, टांकसाळीचे नाव शोधावे, आणि हे कोठून मिळाले, हे अवश्य विचारावे. संशय आला तर तोही सौम्यपणे पण स्पष्ट सांगावा. बनावट नाणी बाजारात फार असतात. ओतून केलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, व कडेवर साच्याचा सांधा आढळतो. घेणाराचे डोळे हौसेने दिपलेले असतात. मित्राचे डोळे कोरडे असतात. म्हणून हे दोष मित्रासच आधी दिसतात, आणि ते ऐकून घेण्याइतके मन मोठे असणे हाही या छंदाचा एक धडा आहे.

नाण्यांप्रमाणेच पदकांचेही आहे. नाणे व्यवहारासाठी असते, तर पदक आठवणीसाठी. कधी कधी मात्र या दोहोंतील सीमा पुसट होते. आपल्या शेजारचा असीरगड १६०१ च्या आरंभी अकबराच्या हाती आला. त्या विजयाची स्मृती म्हणून ‘असीर’ हे टांकसाळीचे नाव असलेली सोन्याची मोहोर पाडण्यात आली. तिच्या एका बाजूस बहिरी ससाण्याची सुंदर आकृती आहे, आणि दुसऱ्या बाजूस इलाही सन ४५ असा काळ दिला आहे. नाव मोहोरेचे असले तरी काम पदकाचे! पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांना जी पदके मिळाली, त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण उमटविलेली असते. म्हणून जाणता संग्राहक पदक हाती येताच आधी त्याची कड पाहतो. राजाचा मुखवटा हजारो पदकांवर एकच असतो. कडेवरचे नाव मात्र एकाच शिपायाचे असते.

आता आपल्या घराकडे वळू. २०२५ च्या मार्च महिन्यात ‘छावा’ हा चित्रपट पाहिल्यावर असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री दिवे लावून सोन्याच्या मोहरा शोधीत असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. कोणास काय सापडले हा प्रश्न निराळा. आमचे म्हणणे एवढेच की, रात्री खणून गुपचूप विकलेले किंवा आटविलेले नाणे मुके होते. ते कोणत्या शेतात, किती खोल, कोणत्या भांड्यात, कोणत्या नाण्यांच्या सोबतीस होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. आणि जोगळटेंभीस जे कळले ते येथे कधीच कळणार नाही. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे, आणि नियमाने कळविणाऱ्याच्या हक्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, व ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा नांगराच्या फाळास एखादे मडके लागले तर ते लपविण्याची नव्हे, दाखविण्याची वस्तू आहे. शेतातली नाणी दाखविण्याचे पहिले ठिकाण जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय, एवढाच काय तो फरक.

विद्यार्थी मित्रहो, या छंदास पैसा लागतो असे समजू नका. जसोंडीच्या कोणत्याही दुकानातील गल्ल्यात अभ्यासाचे साहित्य पडलेले असते. आजच्या नाण्यावर सनाखाली पाहा: बारीक चौकट हिऱ्यासारखी उभी असेल तर ते नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत सुरू झाली, तेव्हाचे ‘नये पैसे’ पुष्कळ घरांत एखाद्या डब्यात सापडतील. आजीजवळ पुतळ्यांची माळ असेल, तर तिला त्या नावाविषयी विचारा. व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यांवर उभ्या मानवी आकृती असत, म्हणून आपल्याकडील लोक त्यांस पुतळी म्हणू लागले. आम्हां कोंकणी घरांत १९५८ पूर्वीचे पोर्तुगीज रुपये व त्यानंतरचे एस्कुदो अद्याप जपून ठेवलेले दिसतात.

महिन्यातून एक तास वर्गात याकरिता मिळाला तर पुष्कळ होईल. प्रत्येकाने एकच नाणे आणावे. सोबत एका चिठ्ठीवर धातू, वजन, आकार, दोन्ही बाजूंचा लेख, आणि ते कोणाकडून, कोठून व केव्हा मिळाले ते लिहावे. मौल्यवान दागिना आणू नये. त्याचे चित्र काढून आणले तरी चालेल. मग नाणी हातोहात फिरावीत, प्रश्न विचारले जावेत, आणि वहीत नवे काय कळले ते लिहिले जावे. पेटीतली नाणी कालांतराने दुसऱ्याच्या हाती जातात. त्यांच्यासोबत ती चिठ्ठी गेली, तर पुढे पाहणारास आपल्या जसोंडीचे नावही वाचावयास मिळेल.